लेकीचा डबा आणि आपला डबा
(परिसर रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

कुणी दुपारची भांडी आवरून बसल्या असतील, कुणी द्राक्षबागेत असतील, कुणी पॅकहाऊसच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रेडिओ लावला असेल.

आजचा विषय जरा लांबचा वाटेल. वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या भाषेची, वेगळ्या देवाधर्माची माणसं एकाच कामावर आली की एकमेकांशी जुळवून कसं घ्यायचं, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, हे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम, आम्हाला त्याचं काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण गेल्या वर्षभरात आमच्या एका गटात हा विषय असा काही घुसला, की तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय राहवत नाही.

२०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग नावाच्या राज्याशी करार केला. तिथं माणसं म्हातारी होत चालली आहेत, कामाला हात कमी पडतात. नर्स हव्यात, इलेक्ट्रिशियन हवेत, ड्रायव्हर हवेत. तेव्हापासून आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतही जर्मन भाषेचे क्लास लागलेले दिसतात. कराराच्या आधीही आपली मुलं-मुली आखाती देशांत आणि इतर ठिकाणी जातच होती, पण आता गावागावांत त्याची चर्चा आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक अशीच गेली. नाशिकला जीएनएम केलं, दोन वर्षं एका दवाखान्यात नोकरी केली, मग वर्ष-सव्वा वर्ष जर्मन शिकली. क्लासची फी, परीक्षेची फी, कागदपत्रांचं भाषांतर, यासाठी ताईंनी गटातून साठ हजार रुपये कर्ज घेतलं. म्हणजे बघा, त्या पोरीचं तिथं जमलं तर आपला हप्ता येणार, नाही जमलं तर आपलाच हप्ता अडणार. त्यामुळे तिचा फोन आला की सगळ्या गटाचे कान तिकडे.

ती एका वृद्धाश्रमात लागली. आपली नर्सिंगची पदवी किंवा डिप्लोमा तिथं लगेच चालत नाही. त्याला त्यांच्याकडची मान्यता मिळावी लागते, तोवर मदतनीस म्हणून काम करावं लागतं. तिच्या विभागात पोलंडची बाई आहे, फिलिपिन्सची आहे, सीरियातून आलेला एक मुलगा आहे, तुर्की घराण्यातली पण जर्मनीतच जन्मलेली एक टीम प्रमुख आहे, बाकीच्या तिथल्याच. सगळे मिळून बावीस म्हाताऱ्यांची काळजी घेतात.

पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा आमची मासिक सभा चालू होती. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला. पोरगी रडत होती. म्हणाली, "आई, मला काम येतं गं. पण इथं मी काहीही केलं तरी चुकतंच."

सभेत एकदम शांतता. पुढचे सहा महिने आम्ही तिचे फोन ऐकत गेलो, आणि कुठं काय चुकत होतं ते हळूहळू कळत गेलं. तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट "हो"ची. आपल्याकडे कुणी मोठ्या माणसानं विचारलं, "समजलं का?", तर आपण काय म्हणतो? "हो." समजलेलं असो वा नसो. नाही म्हटलं तर समोरच्याला वाटेल हिला अक्कल नाही, किंवा त्याचाच अपमान होईल की त्याला नीट सांगता आलं नाही. आपलं "हो" म्हणजे पुष्कळदा "मी ऐकलं" एवढंच असतं. वर आपण मान अशी हलवतो, की तिथल्या माणसाला कळतच नाही ही हो म्हणते की नाही.

तिथं "हो" म्हणजे "समजलं आणि मी ते करणार". त्यावर लोक काम सोपवून निघून जातात.

एका आजींना गिळायला त्रास होता. अशा माणसाला साधं पाणी द्यायचं नसतं, त्यात एक पावडर घालून ते घट्ट करून द्यायचं असतं. नाहीतर पाणी श्वासनलिकेत जातं. सकाळची पाळी बदलताना हे तिला सांगितलं गेलं. सांगणारी घाईत, बोलणं भराभर. "समजलं?" "हो." आणि दुपारी तिनं आजींना ग्लासभर साधं पाणी दिलं. आजींना जोराचा ठसका लागला, चेहरा लाल झाला. नशीब, पोलंडची बाई शेजारीच होती, तिनं सांभाळलं.

नंतर टीम प्रमुखानं तिला बोलावून घेतलं. तिला वाटलं आता नोकरी गेली. पण त्या बाईनं एकच विचारलं, "पाणी का दिलंस हे मी विचारत नाही. हो का म्हणालीस, ते सांग."

मैत्रिणींनो, आम्ही सभेत यावर बराच वेळ बोललो. आपल्या गटातसुद्धा बँकेचे साहेब व्याजाचा हिशोब सांगतात आणि आपण सगळ्या माना हलवतो. बाहेर आल्यावर एकमेकींना विचारतो, "काय म्हणाले गं?" तेव्हा ही सवय फक्त परदेशात नडते असं नाही. त्या पोरीनं एक युक्ती काढली. कुणी काही सांगितलं, की ती तेच आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवते. "म्हणजे मी असं असं करायचं, बरोबर?" चूक असेल तर तिथंच कळते. हे आपल्यालाही बँकेत करता येईल.

दुसरी गोष्ट सेवेची. आपल्याकडे दवाखान्यात पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे घरचं माणूस करतं. नर्स इंजेक्शन, सलाईन, औषधं बघते. तिथं हे सगळं नर्सचंच काम. शिकलेली नर्स मग आपली मुलं म्हणतात, "आम्ही काय यासाठी शिकलो?" कमीपणा वाटतो. आणि परक्या पुरुषाला अंघोळ घालायची म्हटल्यावर आपल्या मुलीला लाज वाटणारच. तिलाही वाटली. पण तिथं हेच मुख्य काम मानलं जातं. अंग पुसताना कातडीवर लाल डाग दिसला, तर पलंगावर पडून राहिल्याची जखम व्हायच्या आधी कळतं. म्हणून ते काम शिकलेल्या माणसानंच बघायचं.

हे तिनं पत्करलं. पण पुढचं तिला जास्त जड गेलं. एक आजोबा सकाळी शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं घेत. हात थरथरायचे. हिला दया आली, हिनं पटापट बटणं लावून दिली. चमच्यानं भरवलं. आजोबा रागावले, आणि टीम प्रमुखही. हिला कळेना, आपण सेवा केली आणि वर बोलणी खाल्ली!

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला जेवढं स्वतःला करता येतं तेवढं त्यानं स्वतः करावं. आपण शेजारी उभं राहायचं, लागेल तेवढाच हात लावायचा. आज बटण आपण लावलं, तर उद्या त्याचा हात तेही विसरेल. आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला काही करू द्यायचं नाही. सासूबाईंना पाण्याचा तांब्याही उचलू द्यायचा नाही. दोन्हीकडे माया आहेच, फक्त ती दाखवायची रीत वेगळी आहे. हे कळायला तिला तीन महिने लागले. आणि खरं सांगायचं तर आमच्या गटातल्या दोघी-तिघींना अजून पटलेलं नाही. एक काकू म्हणाल्या, "म्हातारपणी मला कुणी दहा मिनिटं बटणाशी झगडत ठेवलं तर मी त्याला शिव्या देईन." असो. सगळ्यांना सगळं पटलंच पाहिजे असं नाही. पण तिथं काम करायचं, तर तिथली रीत का आहे ते समजून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. जर्मन भाषेत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे. इंग्रजीत नाही, पण जर्मनमध्ये आहे. म्हणजे आपल्याला सोपं जायला हवं. पण आपण "तुम्ही" वयाला देतो, आणि माया वाटली की लगेच नातं जोडतो. आजी, मावशी, काका. ही पोरगी एका बाईंना जर्मनमध्ये आजी म्हणाली. त्या बाई ताडकन म्हणाल्या, "मी तुमची आजी नाही, मला नाव आहे." पोरीला ते लागलं. नंतर तिला समजलं, की त्या बाई आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या. वृद्धाश्रमात आल्यावर सगळे आपल्याला नुसती म्हातारी समजतात, हे त्यांचं दुःख. आडनावानं हाक मारणं हाच त्यांचा मान. आपल्याकडे आडनावानं हाक मारली तर परकेपणा, तिकडे तोच आदर.

आणि भाषेचं म्हणाल, तर ही पुस्तकातली जर्मन शिकून गेली. तिथली म्हातारी माणसं बोलतात ती त्या भागातली बोली. पहिले काही दिवस हिला वाटलं आपण दुसऱ्याच देशात उतरलो. जशी शाळेत मराठी शिकलेली परक्या मुलखातली बाई आपल्या खानदेशात अहिराणीच्या घरात सून म्हणून यावी, तसं झालं. मग तिनं वही केली. रोज पाच शब्द, म्हाताऱ्यांकडूनच शिकायचे. त्या शिक्षिका बाईंनीच ती वही तपासायला सुरुवात केली, लाल पेनानं.

चौथी गोष्ट वेळेची आणि तोंडावर बोलण्याची. साडेसहाची पाळी म्हणजे साडेसहाला कपडे बदलून कामाच्या जागी. गेटमधून आत येण्याची ती वेळ नाही. आजारी असलात तर पाळी सुरू व्हायच्या आधी फोन. आणि चूक झाली तर ती तोंडावर सांगतात, गोड आवरण न घालता. "हे असं चालणार नाही." आपण घरी जाऊन रात्रभर रडतो, आणि सांगणारी पुढच्या क्षणी आपल्याला कॉफी विचारते. ती रागावलेली नसतेच. तिनं कामाबद्दल सांगितलं, आपण ते आपल्याबद्दल समजलो.

उलटही होतं. त्यांनाही आपलं कळत नाही. ही पोरगी गप्प बसली, की त्यांना वाटे हिचं काही म्हणणंच नाही. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू नये असं आपण शिकवलेलं, त्यांना वाटे ही काहीतरी लपवते. एक दिवस टीम प्रमुखानंच तिला सभेत सांगायला लावलं, की तुमच्याकडे कसं असतं ते आम्हाला सांग. दहा मिनिटं ती बोलली. त्यानंतर पोलंडच्या बाईनं आणि सीरियाच्या मुलानंही आपलं आपलं सांगितलं. त्या दिवसापासून काम हलकं झालं, असं ती म्हणते. जुळवून घेणं एका बाजूनं होत नाही बायांनो. सुनेनंच बदलायचं आणि घरानं तसंच राहायचं, त्याला जुळवून घेणं म्हणत नाहीत.

सणांचंही त्यांनी असंच जुळवलं. तिथं नाताळचा मोठा दिवस म्हणजे २४ डिसेंबरची संध्याकाळ. सगळ्यांना घरी जायचं असतं. ही पाळी हिनं आणि सीरियाच्या मुलानं घेतली. बदल्यात दिवाळीला हिला सुट्टी, ईदला त्याला. रमजानमध्ये त्याचा उपास, एकादशीला हिचा. पोलंडच्या बाईला दोन्हीतलं काही कळत नव्हतं, पण तेवढे दिवस ती त्यांच्यासमोर केक खात नसे.

आता डब्याची गोष्ट. हिनं एक दिवस शेपूची भाजी आणि लसणाची चटणी डब्यात नेली. शेपू तिकडेही मिळतो, माशाबरोबर खातात. पण लसणाच्या फोडणीचा वास खोलीभर झाला. एक जण उठली आणि काही न बोलता खिडकी उघडली. बाहेर बर्फ पडत होतं. दुसरी नाकाला रुमाल लावून हसली. पोरीनं डबा बंद केला आणि त्या दिवशी उपाशी राहिली.

हे तिनं सांगितलं तेव्हाही फोन स्पीकरवर होता. ताई संतापल्या. "माझ्या लेकीच्या भाजीचा वास येतो होय यांना!" या गोष्टीकडे आपण पुन्हा येणार आहोत. ती लक्षात ठेवा.

आता एक महत्त्वाचं. वेगळेपण आणि अपमान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वेगळेपण समजून घ्यायचं असतं. अपमान गिळायचा नसतो. एका म्हाताऱ्यानं हिला सांगितलं, "तुझे काळे हात मला लावू नकोस." हिनं कुणाला सांगितलं नाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी टीम प्रमुखाला कळलं. ती त्या म्हाताऱ्याच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "इथं तुमची काळजी हीच घेणार आहे. तुम्हाला आदरानं वागवलं जाईल, आणि तुम्हीही तिला आदरानं वागवाल." जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे. वंश, धर्म, बाई-पुरुष, वय, अपंगत्व यावरून कामावर कुणाला वेगळं वागवलं तर तक्रार करता येते, आणि मालकानं कामगाराला अशा त्रासापासून वाचवलं पाहिजे, असं तो कायदा सांगतो.

ती टीम प्रमुख असं का वागली, तेही ऐका. १९६१ साली जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले होते. तिचे आजोबा त्यांच्यातच आले. पाहुणे कामगार म्हणायचे त्यांना, म्हणजे काम करा आणि परत जा. भाषा शिकवली नाही, मिसळून घेतलं नाही. आजोबांनी काय सोसलं, ते तिनं घरात ऐकलेलं. त्याच दशकात आपल्या केरळातल्या मुलीही नर्स म्हणून तिकडे गेल्या होत्या. त्यांनीही पहिली पायवाट अशीच पाडली.

ज्यांच्या घरातून कुणी परदेशी जाणार आहे, त्यांनी चार गोष्टी पदराला बांधून ठेवा.

एक, भाषा. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू पातळीची जर्मन लागते. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा पायऱ्या आहेत. तीन महिन्यांत सगळं करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

दोन, एजंट. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. १९८३ चा कायदा आहे त्यासाठी. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या एजंटांची यादी बघता येते. नोंदलेला एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाखोंची मागणी झाली की समजा काहीतरी काळंबेरं आहे.

तीन, आखाती देश धरून अठरा देश असे आहेत, की दहावी न झालेल्या माणसाला तिथं कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते. घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तीस वर्षांच्या पुढं असावं लागतं. हा नियम अडवायला नाही, संरक्षणाला आहे. टुरिस्ट व्हिसावर कामाला जाऊ नका. त्यात तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

चार, पासपोर्ट आपला आपल्याजवळ. कराराचा कागद सही करण्याआधी कळेल अशा भाषेत समजून घ्यायचा, आणि त्याची एक प्रत घरी ठेवायची. "हो" म्हणण्याआधी समजून घ्यायचं, हे मघाशी सांगितलंच.

आता आपल्या गावाकडे येऊ.

मैत्रिणींनो, आपल्या भागातलं पॅकहाऊस म्हणजे काय? घड कात्रीनं साफ करायचे, खराब मणी काढायचे, अर्ध्या किलोचं पनेट वजन करून भरायचं. ते कंटेनरनं न्हावाशेवाला जातं, तिथून जहाजानं नेदरलँडमधल्या रॉटरडॅमला, आणि पुढं युरोपभर. त्या पोरीच्या वृद्धाश्रमात आजी जी द्राक्षं खातात, ती कदाचित आपल्याच हातची असतील. तेव्हा आपलं शेडही आंतरराष्ट्रीयच आहे म्हणायचं. आणि त्या शेडमध्ये आपल्याबरोबर कोण बसतं? पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या आदिवासी बहिणी. त्यांची बोली वेगळी, लुगडं नेसण्याची तऱ्हा वेगळी, देव वेगळे. डब्यात नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, कधी सुकट.

त्यांनी सुकटीचा डबा उघडला, की आपण काय करतो? खिडकी उघडतो. नाकाला पदर लावतो. त्यांची बोली ऐकून हसतो. आम्ही ज्या शेडबद्दल बोलतोय तिथं पाण्याचा माठ एकच आहे, पण ग्लास दोन आहेत. कुणी तसा नियम केलेला नाही. कुणी पाटी लावलेली नाही. पण कोणता ग्लास कुणाचा, हे सगळ्यांना माहीत आहे.

यातली एक वहिनी आठ वर्षांपासून गावातच राहते. पोरं गावच्या शाळेत आहेत. तिनं गटात घ्या म्हणून मागच्या जूनमध्ये विचारलं. गटात एक जागा होतीच. आमच्यात कुजबुज झाली. "त्या परत निघून गेल्या तर कर्ज कोण फेडणार?" "त्यांचं बोलणं आपल्याला कळत नाही." "त्यांचा वेगळा गट करा ना." आणि आम्ही समन्वयक म्हणून काय केलं? प्रोसिडिंग वहीत लिहिलं, "सदर विषय पुढील सभेत घेण्यात येईल." एकदा नाही, तीनदा. आमच्याच अक्षरात. दशसूत्री पाठ करून घेणाऱ्या आम्ही, आणि ही आमची करणी.

डब्याचा फोन आला त्या दिवशी ताई संतापल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. कारण "त्यांचा वेगळा गट करा" हे त्यांचंच वाक्य होतं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, सभा संपली.

पुढच्या सभेत ताईंनीच विषय काढला. म्हणाल्या, "चौथ्यांदा पुढं ढकलू नका." कर्जाची भीती खोटी नव्हती, म्हणून तीही मोकळेपणी बोललो. नियम असा ठरला, की जो सगळ्यांना तोच तिला. तीन महिने बचत, मग कर्ज, आणि पहिलं कर्ज लहान. अकरा जणींत सात बाजूनं, तीन विरोधात, एक गैरहजर. विरोधातल्या एकीनं गट सोडला. तिचा आम्हाला राग नाही. पण तिच्यासाठी ठराव बदलला नाही.

वहिनीनं तीन महिने बचत भरली, मग शेळीसाठी कर्ज घेतलं. हप्ता वेळेवर येतो. एकदा चुकला, तेव्हा सगळ्यांना असतो तोच पाच रुपये दंड तिलाही लागला, आणि तिनं तो हसत भरला. ती पहिल्या दोन सभांना दारापाशीच बसायची, "हो, हो" म्हणत. आम्हाला त्या पोरीचं "हो" आठवलं. आता आम्ही ठराव वाचला की एकेकीला परत सांगायला लावतो. वहिनीनं सांगितलेलं आधी आम्हाला नीट कळत नसे. आता बऱ्यापैकी कळतं. आम्हीही वहीत तिचे शब्द लिहितो.

शेडमधले ग्लास अजून दोनच आहेत. खोटं कशाला सांगा? पण ताई आता तो दुसरा ग्लास उचलून पाणी पितात. दोघी-तिघी त्यांच्यामागून पितात, बाकीच्या बघतात. आणि हे नुसतं मनाच्या मोठेपणाचं काम नाही. अस्पृश्यता आपल्या राज्यघटनेनंच बंद केली आहे, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा असा अपमान करणं हा १९८९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. जर्मनीतला कायदा आपल्या लेकीला वाचवतो म्हणून आपण खूश होतो. मग आपल्याकडचा कायदा कुणाच्या तरी लेकीला वाचवतो, हेही मान्य करायला हवं.

तिकडे पोरीचं काय झालं? ज्या बाईनं खिडकी उघडली होती तिला हिनं एक दिवस पुरणपोळी दिली. तिला ती आवडली नाही, फार गोड वाटली. तसं तिनं तोंडावर सांगितलंही. पण दुसऱ्या दिवशी जेवायला ती हिच्या शेजारी बसली. शेपूचा डबा आता ही उघडते. खिडकी कधी कधी उघडली जाते, तर ही म्हणते, "थंडी वाजते, पाच मिनिटांनी लाव." आणि ती लावते. कर्जाचे चौदा हप्ते झाले, दहा राहिले.

पुढच्या सभेत तीन प्रश्न नक्की घ्या, आणि उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहा. आपल्या गटाच्या किंवा कामाच्या ठिकाणी दारापाशी कोण बसतं? तिचं पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे का? आणि कोणता विषय आपण "पुढील सभेत" म्हणून ढकलत आलो आहोत?

तिसऱ्या प्रश्नाला आमची वही आम्ही दाखवली. आता तुमची वही उघडा.

नमस्कार मैत्रिणींनो. सुट्टी संपत आली असेल. डबा धुवून ठेवा, आणि शेजारणीचाही धुवून द्या.